पिल्लाच्या जागी हात

एकशे सदतीस. पत्र्याच्या कड्यातून एकेक मेलेलं पिल्लू उचलून पाटीत टाकताना अंबूबाईनं तोंडानं मोजलं, आणि मोजून झाल्यावर पहिली शिवी हासडली ती नवऱ्याला. दुसरी मन्याला. तिसरी तिनं मनातच ठेवली, कारण ती तिची तिलाच होती.

जानेवारीतली रविवारची सकाळ. कळंबच्या वर डोंगराच्या पायथ्याला अंबूबाईचं घर आणि घरामागं कुडाच्या भिंतींची कोंबड्यांची शेड. पाड्यातल्या सहा बायकांनी मिळून हॅचरीतून दोनशे पिल्लं आणली होती, एका दिवसाची, मुठीत मावणारी. ठेवली अंबूबाईकडे, कारण पिल्लं जगवावीत तर तिनंच, याबद्दल पाड्यात दुमत नव्हतं. तीन आठवडे तिनं सांभाळायची, अंगावर पिसं फुटली की ज्यांची त्यांनी घरी न्यायची. सात वर्षं हे असंच चाललेलं. सात वर्षांत एका खेपेला सगळ्यात जास्त मेली ती अकरा, आणि त्या अकरांसाठी अंबूबाई अजून मुंगसाच्या खानदानाचा उद्धार करते.

यात जादू काही नव्हती. शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं, आत भाताचा तूस, आणि वर साखळीनं टांगलेली दोन उपडी घमेली. प्रत्येक घमेल्यात शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब. घमेलं ऊब खाली ढकलतं, बल्बला खालून बारीक जाळी, म्हणजे चुकून निसटला तरी तुसावर पडायचा नाही. कोंबडीच्या पोटाखाली जी ऊब असते ती एवढ्या खटाटोपानं तयार करायची. आणि ऊब बरोबर आहे की नाही हे बघायचं कसं? अंबूबाई गुडघ्यावर बसायची, हात कड्यात घालायची आणि पालथा पंजा तुसावर टेकवायची. पिल्लाच्या जागी. तिथं हाताला बरं वाटलं तर पिल्लाला बरं. नसेल तर साखळीची एक कडी खाली. बास.

शनिवारी ती खोपोलीला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेली आणि घरात नवरा राहिला. कोंडाजी माणूस वाईट नाही. पण कोणी गोड बोललं की अंगावरचा सदरा काढून देईल, आणि वर विचारील, बनियन पण पायजे का.

दुपारी मनोज, म्हणजे अंबूबाईचा मन्या, आला टेंपो घेऊन. खालच्या गावातला पोरगा, लहानपणी अंबूबाईच्या अंगणात लंगोटीवर खेळलेला, आता कळंबच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये मॅनेजरच्या हाताखाली. रिसॉर्टच्या मालकाला गावाचं भलं करायची हुक्की आली होती. पिवळा बल्ब द्या, एलईडी न्या. एकही पिवळा बल्ब नसलेलं गाव करायचं, आणि रविवारी रिसॉर्टवर कार्यक्रम, शाल, नारळ, प्रमाणपत्र. शाल अंबूबाईला, कारण बायकांच्या गटाची ती प्रमुख.

"काका, हे जुने बल्ब म्हणजे घरात निखारा टांगल्यासारखं," मनोजनं कोंडाजीला सांगितलं. "हात लावा, भाजेल. कागद लागला तर पेटेल. आणि हा बघा नवा. लाइट चालू असताना हातात धरा. काही होत नाही. एकदम सेफ."

कोंडाजीनं धरला. काही झालं नाही. मग काय, स्वयंपाकघरातला दिला, ओटीवरचा दिला, न्हाणीतला दिला. आणि मनोज टेंपोकडे वळला तेव्हा या बहाद्दरानंच त्याला हाक मारून सांगितलं, "अरं, मागं शेडमधी चार हायत. मोठे. ते ने की."

ते चार मनोजनं नेले. नेताना घमेल्यात नवे चार बसवून दिले, स्वतःच्या हातानं. खाली दोनशे पिल्लं बसलेली त्याला दिसत होती. त्यानं फोटोसुद्धा काढला.

संध्याकाळी अंबूबाई आली. शेडमध्ये दुधासारखा पांढरा उजेड बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय लावलंय?"

"नवे हायत. सेफ," कोंडाजी म्हणाला. इंग्रजी शब्द तोंडात आला की तो जरा ताठ उभा राहायचा.

"गरम होतात का?"

"व्हत नाय कसे? हात लावून बघ ना."

त्यानं घमेल्यात हात घालून बल्बची मान दाखवली, होल्डरच्या खालचा तो पांढरा जाड भाग. अंबूबाईनं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. चांगला चटका बसेल एवढी गरम. दिवसभराचा प्रवास झालेला, पाय सुजलेले, डोळ्यांवर बारशाच्या जेवणाची सुस्ती. गरम आहे ना, मग झालं, असं म्हणून ती घरात गेली. गुडघ्यावर बसली नाही. तुसावर पंजा टेकवला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

रात्री दोनदा सून उठून आली. सुप्रिया तिचं नाव, मोहोपाड्याची, बारावी शिकलेली. नवरा रसायनीला कंपनीत रात्रपाळीला. दोन्ही वेळा तिनं येऊन सांगितलं, "आई, पिल्लं लय ओरडतायत हो." दोन्ही वेळा अंबूबाई पांघरुणातूनच म्हणाली, "नवा उजेड हाय, बुजली असतील. नीज गं तू."

आणि पहाटे ओरडणं थांबलं होतं.

ती ढीग करून मेली होती. थंडीनं एकमेकांच्या अंगावर चढलेली, वरची काकडून आणि खालची गुदमरून. घमेल्यातल्या चार बल्बांतले दोन बंद पडले होते. उरलेले दोन तसेच पांढरे फटक जळत होते, खाली मेलेल्या पिल्लांचा ढीग आणि वर टळटळीत उजेड. अंबूबाईनं तेव्हा कुठं पालथा पंजा तुसावर टेकवला. बर्फ.

जिवंत सापडली त्रेसष्ट. सुप्रियानं पाणी तापवून बाटल्यांत भरलं, बाटल्यांना जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले आणि टोपलीत त्यांच्याभोवती पिल्लं बसवली. मग ती त्या नव्या बल्बचा रिकामा खोका वाचत उभी राहिली.

"आई, यावर लिहिलंय, शंभर वॅटचा उजेड नऊ वॅटमधी."

"मग?"

"मग आपला जुना बल्ब शंभर खायचा. उजेडाला नऊ पुरतात, तर बाकीचे जात कुठं होते? ऊब होऊन खालीच येत होते ना. हा ऊब देतच नाय. जी थोडी होते ती याच्या मानंत अडकून बसते. ती मान आपण घमेल्यात कोंडली, वारं नाय, काय नाय. म्हणून दोन फुकले."

अंबूबाईनं बंद पडलेला बल्ब हातात घेतला. मानेपाशी प्लॅस्टिक पिवळं पडलेलं.

"म्हणजे हा मुडदा सोता तापून मेला," ती म्हणाली, "आणि माजी पिल्लं थंडीनं मेली."

कोंडाजी दारात उभा होता. त्यानं खाकरून घसा साफ केला. "शेगडी ठेवू या का कड्यात? कोळसे घालून—"

"ठेवा! तुसाला आग लागू दे, धुरानं उरलेली पण कोंडू देत. एक कशाला जिवंत ठेवता? अवो, तुमी बोलूच नका आज. पाया पडते तुमच्या."

पाया पडते असं ती ज्या आवाजात म्हणाली तो ऐकून शेजारची कुत्री उठून गेली.

सुप्रियानं फोन लावले. कळंबचं दुकान म्हणालं, पिवळे ठेवणंच बंद केलंय. नेरळचा दुकानदार हसला, "कुठल्या जमान्यात आहात ताई?" कर्जतचा फोन उचलला गेला नाही, रविवार. खोपोलीचा एक भला माणूस म्हणाला, मागवून देतो, पण मंगळवारी. मंगळवार म्हणजे मध्ये दोन रात्री. आणि त्रेसष्टांतली वीस-बावीस आताच माना टाकून बसली होती. बाटल्यांतलं पाणी तासाभरात कोमट व्हायचं. असं दोन रात्री कसं पुरं पडायचं?

"मन्यानं नेलेत ना माजे चार," अंबूबाई म्हणाली. "तेच आणते. उठ सुप्रिया. चप्पल घाल."

"आणि पिल्लं?"

"ती पण येतील. ह्यांच्या भरवशावर ठेवू? कोण गोड बोललं तर ही पण देऊन टाकतील."

अशी ही वरात निघाली. अंबूबाईच्या मांडीवर टोपली, टोपलीवर पदर, पदराखाली त्रेसष्ट पिल्लांची बारीक चिवचिव. सुप्रियाच्या पायाशी पाटी, पाटीत एकशे सदतीस, वर कालचं वर्तमानपत्र. रिक्षावाल्यानं विचारलं, काकी काय नेताय? अंबूबाईनं वर्तमानपत्र उचलून दाखवलं. त्यानंतर त्यानं रिसॉर्ट येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

रिसॉर्टच्या फाटकावर फुलांची कमान होती आणि कमानीवर 'उजळलेलं गाव' असं लिहिलेलं. मनोज इस्त्रीचा शर्ट घालून धावत आला.

"या काकी, या! कार्यक्रम दोन वाजता. शाल आणलीय तुमच्यासाठी, पैठणी काठाची—"

"माजे बल्ब दे."

"कुठले बल्ब?"

"मन्या, तुज्या आयशीनं तुला माज्या अंगणात सोडून भात लावला हाय. मला कुठले म्हणून विचारू नको. शेडमधले चार. शंभराचे. दे."

मनोजचं तोंड उतरलं. तो त्यांना इमारतीच्या मागं घेऊन गेला. तिथं एक निळा पिंप होता. अंबूबाईनं आत वाकून बघितलं. पिंपभर काच. चकचकीत, बारीक चुरा, मध्ये मध्ये पितळी टोपणं.

"पुन्हा कोणी वापरू नये म्हणून," मनोज हळू आवाजात म्हणाला. "साहेबांनी हातोडीनं फोडायला लावले. व्हिडिओ काढलाय."

अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सुप्रियाच्या हातातली पाटी घेतली आणि मनोजच्या पायाशी ठेवली. वर्तमानपत्र बाजूला केलं.

"याचा पण काढ व्हिडिओ."

मनोजनं बघितलं आणि तोंडावर हात धरला. खरं तर पोरगा वाईट नव्हता, पण नोकरी माणसाला काय काय बोलायला लावते. क्षणभरानं तो म्हणाला, "काकी, एखादा रोग असेल. बल्बचा काय संबंध? उजेड तर होता ना?"

"उजेड खातात का रं पिल्लं?"

"नाही, पण साहेब म्हणाले होते, हा बल्ब कोंबड्यांना पण सेफ... भाजत नाही..."

"भाजत नाय, बरोबर! भाजत नाय म्हणूनच मेली! तुला खाली दिसत होती ना बसलेली? फोटो काढलास त्यांचा. फोटो काढायला वाकलास तवा हात घालून बघायला काय झालं होतं? का हाताला तूस लागला असता?"

खरं सांगायचं तर 'हात घालून बघायला काय झालं होतं' हे बोलताना अंबूबाईचा आवाज मध्येच चिरकला, कारण ते तिचं तिलाही लागलं. पण रागाचं एक बरं असतं, तो थांबून विचार करू देत नाही.

टोपलीतली चिवचिव वाढली होती. तिनं पदराखाली हात घातला. बाटल्या गार. एक पिल्लू आडवं पडलेलं, पाय ताणलेले. तिनं ते काढून पाटीत ठेवलं. एकशे अडतीस.

"आई," सुप्रियानं तिचा दंड धरला. "तिकडं बघा."

मागच्या अंगणाला लागून जेवणाचा मोठा हॉल होता, सगळा काचेचा. आत मुंबईहून आलेली मंडळी बशा घेऊन रांगेत उभी. लांब टेबलावर पितळी झाकणांची भांडी, आणि टेबलाच्या शेवटच्या टोकाला, एका लाकडी फळीवर, अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या. पाय वर केलेल्या, तुपानं चमकणाऱ्या, सहा की सात. त्यांच्यावर दोन दांड्यांवरून खाली लोंबणारे दोन दिवे. तांब्याच्या टोप्या, आणि टोप्यांत लालसर पिवळे, चांगले मोठे बल्ब.

"ते दिवे कशाला?" अंबूबाईनं विचारलं.

मनोज शर्टाची बाही सारखी करू लागला.

"मन्या, मी काय विचारते?"

"ते... जेवण गरम राहायला लागतात, काकी. थंड झालं तर गेस्ट लोक कम्प्लेंट करतात."

अंबूबाईनं टोपली कमरेवर घेतली आणि काचेचं दार ढकलून सरळ आत गेली. पायात चिखलाची चप्पल, नऊवारीचा काष्टा, मांडीपाशी तुसाची धूळ. रांगेतल्या बायका आपापल्या पोरांना मागं ओढत बाजूला झाल्या. टेबलाच्या टोकाशी पोचल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर हात पुढं करून पालथा पंजा त्या लाकडी फळीवर टेकवला, दोन कोंबड्यांच्या मध्ये. बल्बच्या मानेला नाही. खाली.

गरम. छान, बेताची ऊब, कोंबडीच्या पोटाखाली असते तशी. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला.

तिनं एक भाजलेली कोंबडी पाय धरून उचलली, शेजारच्या ताटात ठेवली. दुसरी उचलली. जागा झाली तशी टोपली तिथं टेकवली आणि पदर काढला. बासष्ट पिल्लं दिव्याखाली उघडी झाली.

हॉलमध्ये कोणीतरी "ओ माय गॉड" म्हणालं. एक लहान मुलगी "मम्मा, चिक्स!" म्हणत पुढं आली. तिच्या आईनं तिला धरलं, पण फोन मात्र बाहेर काढला. आणखी दहा फोन निघाले.

मालक आला. पांढरा सदरा, गळ्यात माळ, कार्यक्रमाच्या तयारीत असलेला माणूस. मनोज त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मालकानं आधी फोनवाल्यांकडे बघितलं, मग चेहऱ्यावर हसू आणलं.

"ताई, जे झालं ते वाईट झालं. आपण ऑफिसमध्ये बसून बोलू. मी तुम्हाला दोनशे नवीन पिल्लं देतो. आजच सांगतो. पण ही टोपली इथून उचला, प्लीज. इथं अन्न आहे."

"नवी नकोत. ही जगवायची हायत. माजे बल्ब तुमी फोडले, तर हे दिवे मी नेते. मंगळवारी माजे आले की आणून देईन. पुसून देईन."

"अहो, हे दिवे असे देता येत नाहीत. आणि तुम्हाला माहीत आहे का, किती धोकादायक असतात ते? केवढे तापतात! तुमच्या शेडमध्ये भुसा. आग लागली तर? याच कारणासाठी आपण गावात—"

"धोका!" अंबूबाई एवढ्या जोरात ओरडली की टोपलीतली पिल्लंसुद्धा गप्प झाली. "सात वर्षं टांगते मी बल्ब! खाली जाळी लावते, वर साखळी बांधते, हातानं बघते. एक दिवस ठिणगी नाय उडाली. तुमच्या टेबलावर तापतो तो धोका नाय, माज्या शेडमधी तापला की धोका? गाव उजळायला निघालात, कुणाला विचारलंत का, बाई, हा बल्ब तू कशाला लावतेस? घरात दिलात ना, बरे हायत. माज्या चुलीवर चांगला उजेड पडतो, मी नाय म्हणत नाय. पण तो उजेडाचा बल्ब, हा उबेचा. एवढं तुमाला माहीत होतं! माहीत होतं म्हणून तर तुमी इथं तो लावला नाय. इथं बरोबर हा टांगला!"

मालकाचं हसू गेलं. रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, पॉइंट आहे. मालकानं ते ऐकलं. त्यानं आवाज खाली आणला.

"बरं. एक दिवा न्या. पण संध्याकाळी पाठवतो, जेवणं आटपल्यावर. आत्ता काढला तर हे सगळं थंड होईल. शंभर माणसं जेवायची आहेत, जरा समजून घ्या."

अंबूबाईनं त्या ताटातल्या कोंबडीकडे बघितलं. मग टोपलीकडे. ढीग करून बसलेली पिल्लं हळूहळू सुटी होत होती. एकानं पंख ताणला. एक दुसऱ्याच्या अंगावरून उतरून कडेला जाऊन बसलं. माना टाकलेल्यांतलं एक चोच उघडून डोळे मिटून उबेत झुलत होतं.

"होऊ दे थंड," ती म्हणाली. आता आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मनोज दोन पावलं मागं सरकला. "तुमची कोंबडी मेलेली हाय, साहेब. तिला नाय वाजत थंडी."

सुप्रिया खाली वाकली, टेबलाखालून वायर शोधली आणि दोन्ही दिव्यांची पिन ओढली. मालक मनोजकडे बघत होता, मनोज जमिनीकडे. दिवे दांड्यासकट उचलायला जड होते. ते शेवटी मनोजनंच उचलले, इस्त्रीच्या शर्टाला तूप लागलं तरी, आणि फाटकाबाहेर रिक्षापर्यंत आणून दिले. शाल त्यानं आणली नाही. एवढी अक्कल त्याला आली होती.

रिक्षा सुटली आणि अंबूबाईचा राग खाली बसायला लागला. तो बसला की खाली काय आहे ते तिला ठाऊक होतं. सुप्रियाच्या मांडीवर टोपली, पुन्हा पदर पांघरलेली, आणि पायाशी परत आणलेली पाटी.

"काल तू दोनदा आली होतीस," अंबूबाई म्हणाली.

सुप्रियानं टोपलीवरचा पदर सारखा केला.

"मी उठले नाय."

"तुमी दमला होता, आई."

"दमले होते तर मेले नव्हते ना? दोन पावलं होती शेड. हात घातला असता तर कळलं असतं." तिनं नाक पदराला पुसलं. "मन्याला बोलले, ह्यांना बोलले, त्या पांढऱ्या सदऱ्याला बोलले. सगळ्यांना बोलले. पण बल्ब त्यांनी बदलला, आणि ओरडताना ऐकलं मी. यापुढं तू उठवलंस आणि मी उठले नाय, तर पांघरूण ओढून घे माजं. लाज धरू नको. सासू म्हणून बघू नको."

"ओढीन," सुप्रिया म्हणाली. जरा वेळानं ती म्हणाली, "मी पण एकटी जाऊन बघू शकत होते."

घरी कोंडाजीनं तोवर न सांगता बरंच काही करून ठेवलं होतं. कडं धुतलेलं, ताजा तूस पसरलेला, कुडाच्या फटींना पोती लावलेली, शेडमागं खड्डा खणलेला. अंबूबाईनं ते सगळं बघितलं. पाटी त्याच्या हातात दिली. त्यानं एकट्यानं ती पुरली.

दिवे टांगायला ऊन उतरायची वेळ झाली. ते दांड्यावरून सोडवले, साखळीला बांधले, तारेनं दोनदा आवळले, खालून जाळी लावली. ताप जास्त म्हणून नेहमीपेक्षा हातभर वर घेतले. मग सुप्रियानं पिन लावली आणि कुडाच्या भिंतींवर लालसर पिवळा उजेड पडला. अंबूबाईनं टोपली कड्यात हलकेच कलंडली. पिल्लं घरंगळली, उभी राहिली, उजेडाखाली जाऊन पांगली.

कोंडाजी सकाळपासून पहिल्यांदा तिच्या जवळ आला. त्याला काहीतरी करायचं होतं, काहीतरी बरोबर. त्यानं घाबरत हात वर केला आणि दिव्याच्या टोपीकडे नेला, वर, मानेपाशी, ताप आहे की नाही बघायला.

अंबूबाईनं त्याचं मनगट हवेतच धरलं.

"तिथं नको," ती म्हणाली. "तिथं नेहमी गरमच असतं."

तिनं त्याला खाली ओढलं. म्हातारा कण्हत गुडघ्यावर बसला. तिनं त्याचा हात पालथा केला आणि तुसावर दाबून धरला, पिल्लांच्या मधोमध, आणि शेजारी आपला टेकवला.

"इथं. आता सांगा."

पिल्लू त्याच्या बोटांवर येऊन बसलं. कोंडाजीला सांगायला जरा वेळ लागला, कारण तो रडत होता.